गप्प राहिलेला संकासूर

मसुरे, १८ ऑक्टोबर

बाळा,

पाकीट फोडताना तुला वाटेल, गणपत गेला आणि घरच्यांनी कळवलंय. तसं काही नाही. अक्षर माझंच आहे, नीट बघ. लिहितोय मात्र पुस्तकी, कारण सातवीपर्यंतच्या मास्तरांनी मालवणी लिहिलं की हातावर छडी मारली, ती भीती अजून बोटांत आहे. बोलताना मी तोच आहे.

परवा तुला फोन केला होता. तू उचललास, "कोण?" म्हणालास. मी म्हटलं, "मी गणपत, मसुऱ्यातलो." तू पुन्हा "कोण?" मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. तर तू "राँग नंबर" म्हणून ठेवून दिलास. माझा आवाज तू विसरलास असं मला सांगू नकोस. या आवाजासमोर उभं राहून तू जवान होतास तो म्हातारा झालास. राग असेल तर राग आहे म्हणावं. राँग नंबर काय?

कामाचं सांगतो. यंदा आमच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी उजेड असतानाच, जुन्या दशावतारी कलाकारांचा सत्कार ठेवलाय. कमिटीचा सेक्रेटरी दत्तप्रसाद, हायस्कुलात मास्तर आहे. बोलतो गोड, ऐकत कोणाचंच नाही. मी त्याला विचारलं, सत्कार म्हणजे काय देणार? म्हणाला, शाल-श्रीफळ. मी म्हटलं, शाली घरात चार पडल्यात, मसुऱ्याच्या घामात त्या पांघरून मी काय करू? आणि नारळ माझ्याच माडाचे मी विकतो. मला शाल नको, अर्धा तास द्या. तो हसला. म्हणाला, "देऊ की, पण लोकांना जोडी हवी. मासेवाली आणि संकासूर. एकटी मासेवाली चालणार नाही."

लोक अजून विसरले नाहीत बघ. मी लुगडं नेसून डोक्यावर टोपली घेऊन येणार, तू काळा बुरखा चढवून, ती लाल जीभ लोंबकळत ठेवून समोर येणार, खिशात दमडी नाही आणि मासे हवेत. बस्स, एवढंच. ना संहिता, ना तालीम. तू एक बोलायचास, मी दोन बोलायचो, पोरं मांडवाच्या खांबावर चढायची. पुढे राजा-राणीचं आख्यान सुरू झालं की लोक चहाला उठायचे.

मी आठ वर्षांपूर्वी स्वतःहून सोडलं. वय झालं, गुडघे दुखतात, काजूची बाग बघायची असते. मिशी ठेवली. आयुष्यभर स्त्रीपार्ट केला, ओठावर केस ठेवता आला नाही, आता ठेवली. जानकी म्हणते, फौजदार दिसता. पण एकदा, या जत्रेत, आपल्याच देवीपुढे उभं राहावं असं वाटतंय. ते तुझ्यावाचून होत नाही. म्हणून लिहितोय, नाहीतर लिहिलं नसतं.

त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. झालं गेलं.

पण लिहायचंच तर एवढंच लिहितो. तुझ्या आईचं, यमुनाबाईचं, बारावं आटोपून तू पुन्हा मंडळात आलास. रंगपटात तोंडाला पावडर लावता लावता मी तुला विचारलं, आज काय करायचं? तू म्हणालास, "नेहमीचाच कर." मी नेहमीचंच केलं. मासेवाली तुझ्या आईवरून उचललेली होती हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. तळाशीलहून होडीने खाडी ओलांडून ती आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, यायची तेव्हापासून मी तिला बघत होतो. तिने स्वतः एकदा पहिल्या रांगेत बसून सगळं बघितलं आणि रंगपटात येऊन मला म्हणाली, "माझ्यापरास तूच बरी दिसतंस गो." तेव्हा सगळ्यात जास्त तूच हसला होतास. मग त्या दिवशी तुझं काय बिनसलं? मी टोपली घेऊन आलो, बोललो, आणि तू खांबासारखा उभा. एक शब्द नाही. मी पुन्हा बोललो. नाही. लोक आधी हसले, मग ओरडायला लागले, "अरे संकासुरा, निजलंस काय?" पाव तास मी एकटा बडबडत होतो. एका हाताने टाळी वाजत नाही हे शाळेत वाचलं होतं, ते मी त्या दिवशी हजार माणसांपुढे करून दाखवलं.

बाहेर आल्यावर दत्तारामशेठना, म्हणजे आपल्या मालकांना, मी सांगितलं, उद्यापासून एक तर तो नाहीतर मी. कोणीही हेच सांगितलं असतं. तू उजाडायच्या आत बुरख्यासकट निघून गेलास.

तर असं आहे. जत्रा डिसेंबरात. येतोस का ते कळव.

गणपत


मसुरे, २९ ऑक्टोबर

प्रिय बाळा,

काल तुझ्या सुनेचा, संजनाचा, जानकीच्या फोनवर मेसेज आला. तुला वर्षानुवर्षं ऐकू येत नाही म्हणे. फोन थरथरला की तू उचलतोस, आपलं "कोण?" म्हणतोस, थोडा वेळ थांबतोस आणि जगातल्या सगळ्यांना राँग नंबर सांगून ठेवतोस. बँकेलासुद्धा. मी वाचून एवढा हसलो की जानकी पाणी घेऊन आली.

मग हसू थांबलं आणि डोक्यात उजेड पडला. अरे, मग त्या दिवशी! तुला ऐकूच येत नव्हतं! डोक्यावर तो जाड बुरखा, बाजूला मृदंग, समोर जत्रेचा गोंगाट, आणि कान आधीच गेलेले. मी काय बोलतोय ते तुला कळलंच नाही, मग उत्तर कसं देणार? आणि लाजेपोटी कोणाला सांगितलंही नाहीस. मर्दा, मला सांगायचंस ना! मी खुणा केल्या असत्या.

इतकी वर्षं मी समजत होतो की आईची नक्कल केली म्हणून तू माझ्यावर सूड उगवलास. त्या रागात मी तुला काय काय म्हटलंय ते इथल्या काजूच्या झाडांना विचार. आता सगळं सरळ झालं. माझं चुकलं नाही, तुझंही चुकलं नाही. दोष कानांचा. कानांना काय करणार?

तेव्हा झालं गेलं गंगेला मिळालं असं समजून जत्रेचं पक्कं करतो. मी दत्तप्रसादाला हो सांगून टाकलंय. काही अडचण नाही, ऐकू येत नाही तर काय झालं, आपण काहीतरी काढू. तुझ्या मुलाला, नितेशला, सांग तुला गाडीने आणून सोडायला.

जानकीने खाजा करून ठेवलाय, आलास की देईल.

तुझा,
गणपत


कुणकेश्वर, ६ नोव्हेंबर

गणप्या,

संजना लिवता, मी सांगतंय. तिका म्हटलंय, बोलतंय तसाच लिव, शाळेतला करू नको.

तुझी दोनय पत्रा गावली. पयला वाचून राग इलो. दुसरा वाचून जास्त राग इलो.

कान माझे मागसून गेले. होडयेर इंजिनाच्या बाजूक बसान बसान गेले, असा डाक्तर म्हणता. मंडळ सुटल्यार हय कुणकेश्वराक येवन होडयेर जावचा लागला, तुका ठावक नसतला. त्या जत्रेत माझे कान तुझ्यापरास बरे होते. तू बोललंस ता सगळा मी आयकलंय. मुद्दाम गप रवलंय. तेवा कानांका दोष देव नको, तेंचो काय गुन्हो नाय.

आता कित्याक गप रवलंय ता आयक. आये गेली तेवा घरात तिचो आवाज बंद झालो. सकाळी उठान चुलीकडे बडबडा करी, ता नाय. कोणाक गाळी नाय, कोणाक हाक नाय. बारावा झाला, पावणे गेले, मगे तर घर खावक इला. म्हणान मी मंडळात इलंय, सुतक फिटला तसो. तू इचारलंस, काय करूया? मी म्हटलंय, नेहमीचाच कर. माका वाटला, बोलतलंय, हसतलंय, जरा बरा वाटात.

मगे तू टोपली घेवन इलंस आणि म्हटलंस, "गो बाय, ताजे आसत, डोळे बघ तेंचे." माझ्या अंगार काटो इलो. ती आये होती. तू नाय होतंस थय. तिच्यासारखा खोकलंस, तिच्यासारखो पदर खोचलंस. माझी पाळी इली. मी तोंड उघडलंय आणि वाटला, मी बोललंय तर ही गप होतली. मी बोललंय तर ह्या नाटक होतला. म्हणान नाय बोललंय. तू बोलीत रवलंस आणि मी आयकत रवलंय. लोक काय ओरडत होते ता माका म्हायत नाय. बुरख्यात मी रडत होतंय. तुका खयसून दिसतला? संकासुराचा तोंड काळा, जीभ भायर.

भायर येवन तुका सांगूचा होता. पण तू आधीच मालकाक सांगलंस, तो नायतर मी. माका एक शब्द इचारूक नाय. मालकाक मी काय सांगतलंय होतंय? संकासूर रडलो म्हणान? मगे गेलंय.

जत्रेक मी येवचंय नाय. माका आयकाक येणा नाय. आपल्या धंद्यात पुस्तक नाय, तू काय बोलतलंस ता तुकाच आधी ठावक नसता, मगे माका कसा कळतला? एकदा गप रवलंय ती माझी मर्जी होती. आता गप रवान लोकांका हसा होवचा नाय.

बाळा

ता. क. गणपतकाका, मी संजना. बाबांनी नाही म्हणून सांगितलं, पण पत्र टाकलं का म्हणून मला दोनदा विचारलं. शक्य असेल तर तुम्हीच इकडे या.


मसुरे, १५ नोव्हेंबर

बाळा,

पत्र येऊन आठवडा होत आला. उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो. भाताची कापणी चाललीय हे निमित्त होतं, पण कापणी मजूर करतात, मी बांधावर उभा असतो, हे तुलाही माहीत आहे.

पत्र जानकीला वाचून दाखवलं. ती चुलीजवळ बसली होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "इतकी वर्सा तेका शिव्ये घातल्यात, आणि एकदाय इचारूक नाय?" मी म्हटलं, तो कुठे सांगायला आला? तर म्हणाली, "तेची आये मेल्ली. तुमची नाय." आणि भाताचं पाणी गाळायला उठून गेली. तिच्यापुढे माझं काही चालत नाही.

विचारलं नाही, हे खरं आहे. पुढचं काय लिहायचं ते मला येत नाही. बोलायचं असतं तर बोललो असतो, तेही तुला ऐकू आलं नसतं.

तू एवढं खरं लिहिलंस तर मीही एक गोष्ट सरळ करतो. पहिल्या पत्रात लिहिलं की मी स्वतःहून सोडलं. खोटं आहे. तुझ्यानंतर मालकांनी दोन-तीन संकासूर माझ्यासमोर उभे केले. चांगले होते, पाठ करून यायचे. मी एक बोललो की ते ठरलेलं एक बोलायचे. लोक हसायचे, पण पान खाऊन थुंकावं तसे. मग तेही कमी झालं. शेवटच्या वर्षी सावंतवाडीच्या बाजूला एका जत्रेत मी पूर्ण मासेवाली केली आणि कोणी हसलं नाही. एक बाई तेवढी हसली, ती शेजारणीशी बोलत होती. पुढच्या हंगामात मालकांचा निरोपच आला नाही. त्यांनी काढलं नाही, मी सोडलं नाही, नुसतं कोणी बोलावलं नाही. मग मी मिशी ठेवली आणि सांगत सुटलो, सोडलं म्हणून.

म्हणून हा अर्धा तास मला हवा आहे. सत्कारासाठी नाही. आपल्या वाडीतल्या लोकांसमोर मला एकदा बघायचंय की मी हसवू शकतो की ते सगळं तुझंच होतं. सरळ सांगायचं तर मला भीती वाटते की ते तुझंच होतं.

दत्तप्रसाद म्हणतो, बाळा येत नसेल तर दुसरा संकासूर देतो, कुडाळचा एक चांगला आहे. मी नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्यासमोर उभा राहणार नाही. तू आलास तर करीन, नाहीतर शाल घेऊन गप्प घरी येईन आणि ती पाचवी म्हणून कपाटात ठेवीन.

येत्या २५ तारखेला मी कुणकेश्वरला येतोय. एसटीने, आचऱ्याला गाडी बदलून. नको असेन तर दार लावून घे, तुला ऐकू येत नाही, तेव्हा कडी वाजवण्याची सोय नाही. मी अंगणात उभा राहीन.

गणपत


मसुरे, २७ नोव्हेंबर

बाळा,

घरी पोचलो. गाडी वेळेवर मिळाली. संजनाने बांधून दिलेले सुके बांगडे जानकीला दिले, तिने वास घेऊनच मला माफ केलं, कशासाठी ते विचारू नकोस.

तिकडे आपलं बोलणं झालं ते मी इथे लिहून ठेवतो, कारण निम्मं तुला कळलं नसेल आणि निम्मं मला. ओसरीवर तू जाळं विणत बसला होतास. मी समोर येऊन उभा राहिलो, तर तू मान वर करून बघितलंस आणि पहिला शब्द काय बोललास? "मिशी?" मग इतक्या मोठ्याने हसलास की शेजारची माणसं बघायला आली. तुझा आवाज फार मोठा झालाय रे. तुला कळत नाही, पण देवळाकडचे भाविकसुद्धा वळून बघत होते.

मी ओरडून बोलायला लागलो तेव्हा संजना हसायला लागली. म्हणाली, काका, ओरडून उपयोग नाही, बाबा ओठ बघून ओळखतात, हळू आणि तोंडासमोर बोला. मी हळू बोललो. तू बघत राहिलास आणि म्हणालास, "काय दिसणा नाय. झुडूप वाढलाहा."

तर बाळा, मी मिशी काढली. आज सकाळीच. न्हाव्याने दोनदा विचारलं, नक्की काका? जानकीने आरसा दाखवला आणि म्हणाली, "आता फौजदार गेलो, बायल परत इली." आठ वर्षं वाढवली होती. तुझ्यासाठी काढली हे कोणाला सांगू नकोस, लोकांना वाटलं पाहिजे की स्त्रीपार्टासाठी काढली.

शेवटी तू जत्रेला यायला तयार झालास, पण ओसरीवर आपण करून बघितलं ते चारदा बिघडलं हे मला मान्य आहे. मी भराभर बोलतो आणि तोंड फिरवतो, प्रेक्षकांकडे बघायची सवय. तू बुरख्याच्या भोकांतून बघणार, त्यातून तुला माझे ओठ अर्धेच दिसणार. म्हणून पक्कं ठरवू. मी कमरेवर हात ठेवला की तुझी पाळी. हात खाली असेल तोवर मी बोलतोय. मी काय बोललो ते कळलं नाही तर तुला येईल ते बोल, मी सावरून घेईन. आयुष्यभर तू मला सावरत होतास, ते मला आता कळलंय, एकदा मी सावरतो.

एक विचारायचं राहिलं. मासेवाली तशीच करू ना? तिच्यासारखी? नको म्हणालास तर दुसरी कोणी करतो, कुठलीही कजाग बाई उभी करीन. तुला ऐकू आलं नाही तरी दिसणार आहे. संजनाच्या फोनवरून हो किंवा नाही एवढंच कळव. मी इतक्या वर्षांनी विचारतोय, तेव्हा उत्तर दे.

गणपत


मसुरे, १४ डिसेंबर

बाळा,

तुझं "हो" संजनाने पाठवलं होतं ते मी रंगपटात जायच्या आधी पुन्हा एकदा बघितलं.

काल झालं तेव्हा तू तिथेच होतास, मग पत्र कशाला, असं नितेश म्हणेल. सांगतो. मांडवामागे येऊन तू बुरखा काढलास, घामाने भिजला होतास, आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारलंस, "हसले?" मी मान हलवली. तू म्हणालास, "खोटा. तू पयल्यापासून खोटारडो." मी पुन्हा मान हलवली, हात जोडले, देवीची शपथ घेतली, तू नुसता बघत राहिलास. मग नितेशची गाडी आली आणि तू गेलास. मला रात्रभर तेच दिसत होतं. एवढा वेळ उभा राहून लोकांना हसवलंस आणि तुला कळलंच नाही. मला वाटायचं, बहिऱ्याला अडचण माझं बोलणं ऐकायची आहे. ती नव्हतीच. खरं जे ऐकायचं असतं, लोकांचं हसणं, ते तुला ऐकू आलं नाही. तेव्हा बस आणि वाच. सावकाश वाच. एकही हसणं वाढवून लिहिलेलं नाही, देवीची शपथ पुन्हा घेतो.

मी आलो तेव्हाच हसले. अजून एक शब्द बोललो नव्हतो. म्हातारा लुगड्यात बघून हसले, ते माझं. त्यात तुझा वाटा नाही.

तू आलास तेव्हा हसले नाहीत, ओरडले. "इलो रे इलो!" मागची माणसं उभी राहिली. त्यात म्हातारे जास्त. बायका पोरांना वर उचलून दाखवत होत्या.

मग मी तुला विचारलं, "काय रे काळ्या, किती बांगडे देव?" हात कमरेवर ठेवायला विसरलो. चूक माझी. तू मात्र ओठ बघितलेस, तुला वाटलं मी बायका किती ते विचारलं, कारण पूर्वी तो प्रश्न तिथे यायचा. तू एवढ्या मोठ्याने म्हणालास, "दोन आसत. एक म्हातारी, एक तरणी. दोगीय भांडतत!" मी म्हटलं, "मगे तुका बांगडे कित्याक, वीख व्हया!" बाळा, त्याला जे हसले ते मी गेल्या कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. पेटीवाल्याचा हात पेटीवरून सुटला. दत्तप्रसाद मास्तर तोंडाला रुमाल लावून खुर्चीत वाकला होता. मी तुला इशारा करायला बघत होतो की थांब, हसू उतरू दे, पण तुला कुठे माहीत, तू पुढचं सुरू केलंस, आणि हसण्यावर हसणं चढलं. आपण कधी असं मुद्दाम करू शकलो नसतो.

पुढे सगळं उलटंसुलटं झालं. मी विचारायच्या आधी तू उत्तर द्यायचास, मग त्या उत्तराला साजेल असा प्रश्न मी शोधायचो. लोकांना वाटलं, हे असंच बसवलंय. एक म्हातारा हसता हसता रडायला लागला, त्याच्या मुलीने त्याला पाठीवर थोपटलं. जानकी हसली. ती माझ्या नाटकाला कधी हसत नाही, तिला घरी पुरेसं मिळतं.

आणि ते माझं होतं की तुझं, हे मला अजूनही कळलं नाही. कळायची गरज उरली नाही.

आता शेवटचं. हे तुला सांगणं भाग आहे, कारण तिथे तू माझ्याकडे बघत उभा होतास आणि तुला वाटलं असेल की हसतायत.

मी तिच्यासारखा खोकलो. पदर खोचला. "गो बाय, ताजे आसत, डोळे बघ तेंचे," म्हटलं. हात खालीच होता. तुझी पाळी नव्हती. तू पुढे आलास, माझ्या डोक्यावरची टोपली दोन्ही हातांनी उतरवलीस आणि खाली ठेवलीस. आणि म्हणालास, "आये, बस गो. दमलंस."

तिथे कोणी हसलं नाही, बाळा. एवढ्या मोठ्या मांडवात कोणी खोकलंसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला काही सुचलं नाही आणि मी सुचवून घेतलंही नाही. मी ओठ हलवले असं तुला वाटलं असेल. काही बोललो नाही. ओठ थरथरत होते.

मी उभा होतो आणि मला आमचं खळं आठवलं. तुझी आई दारात यायची, टोपली उतरवायची, मासे द्यायची, टोपली चढवायची, पुढच्या दारी जायची. आमच्या घरात कोणी तिला कधी बस म्हटलेलं मला आठवत नाही. माझ्या आईने नाही, जानकीने नाही, मी तर नाहीच. मी तिची चाल उचलली, बोलणं उचललं, खोकला उचलला, आणि ती दमत असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

रंगमंचावर बाक एकच असतो, राजाचा. मी त्यावर जाऊन बसलो. पाय वर घेतले, पदराने तोंड पुसलं, आणि पेटीवाला पेटी मिटेपर्यंत उठलो नाही.

गणपत